एका काहिलीतलं दूध

आज काहील आपल्या पालासमोर बसणार, या आनंदात बेस्नानं दोन पायांत दोन वेगळे लोकरी मोजे चढवले होते. सासूच्या, सितीच्या, ते ध्यानातही आलं नाही. एरवी सितीच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे. पण आज तिचीही गत तीच होती. धुतलेलं फडकं ती पुन्हा पुन्हा धुवायला घेत होती.

कानीसार या कुर्दी गावाची सगळी घरं उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन या वरच्या कुरणावर येतात. काळी पालं पडतात, दगडी चुली मांडल्या जातात आणि दुधाची पाळी सुरू होते. एका घरच्या दुधात पनीरची काहील भरत नाही, म्हणून रोज सगळ्यांचं दूध एकाच घरी जातं. आज या घरी, उद्या त्या. कुणी किती घातलं ते चरवीत खाचांची काठी बुडवून पाहायचं आणि आपली पाळी सरली की तेवढंच दुसऱ्याच्या काहिलीत घालायचं. ही काठी खेजाल नावाच्या बाईकडे असे. काठीला जेवढ्या खाचा होत्या त्याहून जास्त तिच्या जिभेला होत्या.

यंदा बेस्नाच्या घरची पाळी ऐन भरात आली होती. गवत गुडघ्याला लागत होतं, रानलसूण कोवळी लुसलुशीत होती आणि दूध असं दाट की बोट बुडवलं तर पांढरा मोजा घातल्यासारखं दिसावं. लग्न होऊन आल्यापासून बेस्ना या दिवसाची वाट पाहत होती. दरवर्षी त्यांची पाळी गवत वाळल्यावर यायची.

मेंढ्या दगडांच्या अरुंद वाटेतून एकामागून एक पुढे येत होत्या. एक पोरगी मुंडकं धरायची आणि बाया मागून धार काढायच्या. बेस्नाचे हात सुसाट चालले होते.

"अगं हळू. मेंढी हाय ती, नळ न्हाई," खेजाल म्हणाली.

"तुझ्या पाळीला हळू काढीन. आज न्हाई."

बाया खो-खो हसल्या. खेजालही हसली, पण सोडील तर ती खेजाल कसली. "हिच्या अंगात आलंय आज. जरा त्या नवऱ्याच्या अंगात बी घाल की. बघ कसा बसलाय, नव्या नवरीसारखा."

शेमदीन पालाला टेकून, भर उन्हात घोंगडं पांघरून बसला होता. बर्फ वितळल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. सकाळी बरा असायचा, दुपार कलली की अंग तापायचं, आणि मग असा घाम की सदरा पिळून वाळत घालावा लागे. कंबर धरलेली, गुडघे धरलेले. पुरुष त्याला कामचुकार म्हणायचे आणि तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा बेस्नाला आजारापेक्षा जास्त राग येई. कालच ती त्याला म्हणाली होती, "ऊठ जरा. लोकं काय म्हणतील?" आणि तो खरंच उठला होता, दोन पावलं चालून पुन्हा बसला होता.

लोक काय म्हणतील याची भीती तिला एरवीपेक्षा जास्त होती, कारण त्या घरानं लोकांपासून एक गोष्ट लपवली होती.

थंडीत त्यांच्या मेंढ्यांनी गाभ टाकला होता. एकीनं टाकला, मग दुसरीनं, मग गोठ्यात सकाळी जावं तर रोज एखादं अर्धंकच्चं कोकरू पेंढ्यात पडलेलं. अडकलेली पिलं शेमदीननं उघड्या हातांनी ओढून काढली होती, वार हातानंच सोडवली होती. सितीनं सगळं गोठ्यामागे बर्फाखाली खोल पुरलं आणि घरात दोघांना बजावलं, कोकरं थंडीनं मेली, कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. कारण कानीसारचा रिवाज साऱ्यांना ठाऊक होता. ज्याच्या मेंढ्या गाभडल्या, त्याची चरवी त्या वर्षी पाळीबाहेर. आपलं दूध आपल्या चुलीवर, आपलं पनीर आपल्या पोटात. अशा घरी मग चहालाही कुणी फिरकत नाही.

म्हणून बेस्नानं तोंड मिटलं होतं. तिला वाईट वाटलं होतं, पण पाळी गेली असती तर त्याहून वाईट वाटलं असतं. खरं ते खरं.

काहील भरली. सितीनं कोकराच्या जठरातलं विरजण घातलं, वर घोंगडी टाकली आणि बाजूला बसून राहिली. तिच्या पनीरचं नाव दूरवर होतं. दूध कधी बसतं हे ती काहिलीला कान लावून सांगते, असं पोरी म्हणत. दूध बसलं. फडक्यात घालून दाबलं, पिवळसर पाणी निथळलं, आणि सगळ्या कुरणावर तो आंबूस गोड वास पसरला. आता उरलं होतं ते बेस्नाचं सगळ्यात लाडकं काम. पहिला कोमट गोळा, त्यात चिरलेली रानलसूण, गरम रोटीत गुंडाळून घरधन्याच्या हातात द्यायचा. मग पाहुण्यांना, मग शेजाऱ्यांना. बाकीचं पनीर मीठ लावून मडक्यांत दाबायचं आणि मडकी उपडी करून जमिनीत पुरायची, ती थेट थंडीतच काढायची. पण पहिला गोळा कधी पुरत नाहीत. तो पाळीचा मान.

शेमदीननं दोन रोट्या खाल्ल्या. खूप दिवसांनी तो चवीनं जेवत होता आणि बेस्ना त्याच्याकडे बघत उभी होती. "आणखी देऊ?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. तिसरी रोटी त्यानं अर्धी खाल्ली आणि उरलेली हातातच राहिली.

"काय झालं?"

"काय न्हाई. जरा इथं," तो म्हणाला आणि बरगड्यांच्या खाली मधोमध हात ठेवला.

जरा म्हणता म्हणता तो दुमडला. गुडघे छातीशी घेऊन गवतावर पडला आणि असा ओरडला की धारेच्या वाटेतल्या मेंढ्या बिथरल्या. सितीनं धावत जाऊन चुलीतला दगड फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवला. त्यानं तो भिरकावून दिला. दही दिलं, ते उलटून पडलं. पाणी दिलं, तेही. मग पोटात काही उरलं नाही तरी उलट्या होतच राहिल्या, हिरव्या, कडू.

"पोटातनं पाठीत चाललंय," तो दात आवळून म्हणत होता. "आरपार चाललंय, बेस्ना."

"नजर लागली," सिती म्हणाली. "एवढी काहील भरलेली कुणाला बघवली न्हाई."

"नजर काढत बसशील तर पोरगा जाईल," खेजाल म्हणाली. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. "फारिस, गाडी काढ."

फारिस म्हणजे खेजालचा नवरा. कुरणावर एकच पिकअप होती, ती त्याची. मागच्या उघड्या भागात घोंगडी टाकून शेमदीनला निजवलं, एका बाजूला सिती, एका बाजूला बेस्ना, आणि गाडी त्या दगडधोंड्यांच्या उतारावरून निघाली. फारिस वेड्यासारखी चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला शेमदीन किंचाळायचा आणि बेस्ना पुढच्या काचेवर हात आपटून ओरडायची, "हळू!" आणि तो हळू झाला की पुन्हा ओरडायची, "थांबलास कशाला?" खाली सरोवर निळंशार चमकत होतं. एवढं पाणी समोर आणि माझ्या माणसाच्या पोटात एक घोट टिकत नाही, या विचारानं तिला रडू कोसळलं.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर बिर्सेन होती. वयानं लहान, डोळे झोपेला आलेले, बोलणं झपाझप. तिला कुर्दी येत नव्हतं. सितीला तुर्की येत नव्हतं. शाळेत थोडं शिकलेली बेस्ना मध्ये उभी राहिली. फारिसला दोन्ही यायचं, पण तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता, बायकांच्या कामात पडत नव्हता.

सलाईन लागलं. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं बजावलं गेलं. रक्त काढलं, पोटावर गार मलम लावून यंत्र फिरवलं. डॉक्टरीण कागद घेऊन परत आली.

"स्वादुपिंड सुजलंय. जठराच्या मागे असतं ते. चांगलंच सुजलंय. दारू किती पितात?"

बेस्नानं ते सासूला कुर्दीत सांगितलं. सिती ताडकन उठली.

"माझ्या पोरानं दारूचा वास बी घेतला न्हाई. सांग तिला. विचार तिला, तिच्या घरी कोण पितं."

"म्हणतात, पीत नाहीत," बेस्ना तुर्कीत म्हणाली. दाराशी फारिसला हसू आवरेना.

"पित्तात खडेही दिसत नाहीत," डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आणि एवढा ताप. हा ताप आजचा?"

"नाही. बर्फ वितळल्यापासून आहे. संध्याकाळी चढतो. घाम फार येतो. कंबर दुखते."

इतका वेळ कागदात बघणाऱ्या डॉक्टरिणीनं आता मान वर केली. तिची झोप उडाली हे बेस्नाला स्पष्ट दिसलं. "जनावरं आहेत?"

"मेंढ्या."

"दूध कच्चं वापरता? ताजं पनीर खाता?"

"हो."

"या थंडीत कुणा मेंढीनं गाभ टाकला?"

बेस्नानं हे सासूला सांगायला नको होतं. पण सवयीनं तिनं सांगितलं.

सितीनं एकदा दाराकडे बघितलं. फारिस तिथंच उभा होता, काठी जिच्या हातात त्या खेजालचा नवरा. "सांग," सिती म्हणाली, "आमच्या मेंढ्या धडधाकट हायेत. कोकरं थंडीनं गेली."

शेमदीन खाटेवर कण्हत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि हाताची नस थडथड उडत होती. बेस्ना त्याच्याकडे बघत होती. एक वाक्य बोललं की पाळी गेली. काहील गेली, मान गेला, आल्यागेल्याचं येणंजाणं गेलं. आणि नाही बोललं तर हा माणूस जाईल की राहील, हे सांगणारी एकच बाई समोर उभी होती आणि तिला खरं माहीत नव्हतं.

"टाकला," बेस्ना म्हणाली. तुर्कीत, मोठ्यानं. "एकीनं नाही, पुष्कळ जणींनी. यानं उघड्या हातांनी ओढून काढली पिलं. आम्ही लपवलं."

बोलून झाल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं आणि हसू आलं, वेड्यासारखं. सितीला शब्द कळले नाहीत, पण फारिसचं तोंड बघून सगळं कळलं. ती मटकन खाली बसली.

डॉक्टरीण धावतच बाहेर गेली. बेस्ना तिच्यामागे. तपासणीच्या खोलीत एका माणसानं तळहाताएवढ्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर शेमदीनच्या रक्ताचा निवळ थेंब टाकला, त्यात गुलाबी औषधाचा थेंब मिसळला आणि फरशी हातात धरून हळूहळू डोलवू लागला. तिघांची डोकी त्यावर वाकली होती. आधी सगळं गुलाबी पाणी होतं. मग कडेला एक दाणा दिसला. मग दुसरा. मग सगळा थेंब दाण्यादाण्यांनी भरला, विरजण घातल्यावर दूध फुटतं तसा.

"बसलं," बेस्नाच्या तोंडून निघून गेलं.

"पनीरचा ताप," डॉक्टरीण म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "गाभडलेल्या जनावरातून येतो, कच्च्या दुधातून येतो. कंबरेत बसतो, सांध्यांत बसतो, हे रोज बघते. स्वादुपिंडावर बसलेला फक्त पुस्तकात वाचला होता. आता औषध कुठलं ते कळलं. तुम्ही बोललात म्हणून एवढ्या लवकर कळलं."

मग तिनं विचारलं, दूध आणखी कोण पितं. बेस्नानं पाळीची सगळी रीत सांगितली. डॉक्टरीण ऐकत गेली तसतशी तिच्या चेहऱ्यावरची लाली उतरत गेली. "म्हणजे सगळ्यांचं दूध एका भांड्यात," ती म्हणाली. "मग ज्याला ताप आहे त्या प्रत्येकानं इथं यायला हवं. आणि उकळल्याशिवाय थेंब प्यायचा नाही. हे कोण सांगणार त्यांना?"

बेस्ना परत आली तेव्हा दाराशी फारिस नव्हता. खिडकीतून तिला पिकअप फाटकाबाहेर वळताना दिसली. तो एक शब्दही न बोलता वर निघाला होता.

सिती पुढे दोन दिवस सुनेशी बोलली नाही. बोलली ती एकदाच, भिंतीकडे बघत. "घर उघड्यावर आणलंस."

"पण त्या घरातला पोरगा जिता हाय की न्हाई?" बेस्ना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं सासूला असं उलट उत्तर दिलं होतं.

गोळ्या आणि सुया सुरू झाल्या. पोटातली कळ ओसरली, मग पाठीतली. एके संध्याकाळी नेहमीची वेळ झाली आणि ताप आलाच नाही. बेस्नानं कपाळाला हात लावला, मग गालाला, मग स्वतःच्या कपाळाला. सितीनंही लावून पाहिला. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या, पण त्याच्या कपाळावर त्यांचे हात एकमेकींना लागत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीनं पाणी द्यायला सांगितलं. चमच्यानं, थोडं थोडं. शेमदीननं घोट गिळला आणि दोघी बायका श्वास धरून त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या, आता काय होतंय म्हणून.

"असं काय बघताय?" तो म्हणाला. "राहिलंय ते. आणखी दे."

सितीनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग चमचा सुनेच्या हातून काढून घेतला. "मी बसते इथं. तू जा वर. मेंढ्या परक्यांच्या हातात हायेत. धारेच्या वेळेला पोच. आणि चरवी आधी घासून घे," ती म्हणाली. तिच्याकडून क्षमा इतपतच मिळायची, हे बेस्नाला माहीत होतं. ती आनंदानं जिना दोन-दोन पायऱ्या उतरली.

पण बस उतारावर सोडून गेली आणि ती पायी चढू लागली, तसा आनंद मागे मागे राहिला. फारिसनं सगळं सांगितलं असणार. वर पोचली तेव्हा मेंढ्या दगडांच्या वाटेशी गोळा झाल्या होत्या आणि सगळ्या बाया चरव्या घेऊन उभ्या होत्या. कुणी हाक मारली नाही. तिच्या पालासमोरची काहील उपडी घातलेली होती. तिनं चरवी घेतली, ओढ्यावर घासली आणि येऊन उभी राहिली.

"कसा हाय?" खेजालनं विचारलं.

"पाणी प्यायला."

"देवाची कृपा." खेजालनं काठी दोन्ही हातांत आडवी धरली होती. "आता सगळ्यांसमोर सांग. आमच्या घरच्यानं सांगितलंय, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

बेस्नानं सांगितलं. गोठ्यातल्या पिलांपासून फरशीवरच्या थेंबापर्यंत, काही लपवलं नाही. पनीरचा ताप कसा येतो ते सांगितलं, संध्याकाळचा ताप, घाम, कंबर, सगळं. सांगताना तिला दिसत होतं, कुणीतरी कुणाकडे तरी बघतंय, कुणी खाली बघतंय.

"झालं?" खेजाल म्हणाली. "मग रिवाज तुला ठाऊक हाय. ज्याच्या मेंढ्या गाभडल्या त्याची चरवी त्या दगडापाशी."

बेस्ना चालत गेली आणि तिनं आपली चरवी दगडापाशी ठेवली. एकटी चरवी. उन्हात ती नको एवढी चकाकत होती. तिनं मान खाली घातली नाही. जाऊ दे पाळी, तिनं मनात म्हटलं, पाणी राहिलंय त्याच्या पोटात. आणि तरीही डोळे भरून आलेच.

मागे कुणाचीतरी पावलं वाजली. खेजालनं आपली चरवी आणून तिच्या चरवीशेजारी ठेवली.

"फारिसला बी येतो," ती हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "संध्याकाळचा. ताप चढला की गाडीचं चाक धरवत न्हाई त्याला. आमच्या बी गाभडल्या व्हत्या. मी बी पिलं पुरली. काठी हातात धरून दुसऱ्यांच्या चरव्या मोजत बसले."

बेस्ना तिच्याकडे बघतच राहिली. मग कडेची म्हातारी नाजे पुढे झाली, वाकत वाकत आली आणि चरवी ठेवून म्हणाली, "दोन. दोनच, पण व्हत्या." मग आणखी एक चरवी आली. मग दोघी जणी एकदमच आल्या, एकमेकींना ढकलत, कारण त्या जावा होत्या आणि एकमेकींपासूनही लपवत आल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. दगडापाशी चरव्यांना चरव्या लागून खणखण वाजत होत्या. तिकडे, धारेच्या वाटेशी, एकच चरवी उरली. ती नव्या नवरीची, गुलनीशानची होती.

ती इकडे बघायची, तिकडे बघायची. "आमच्या खरंच न्हाई गाभडल्या," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "पण मी एकटीनं पाळी कुणाबरोबर करू?"

सगळा डोंगर हसला. खेजालनं काठी गुडघ्यावर घेऊन कडाकड मोडली आणि तुकडे बेस्नाच्या हातात दिले.

"घाल चुलीत," ती म्हणाली. "काहील सरळ कर. आज सगळं दूध उकळायचं. आणि उद्या सकाळी गाडीत सगळे बसा, ज्याला ताप हाय तो आणि ज्याला न्हाई तो बी. त्या डॉक्टरिणीशी बोलायला तू लागशील, बेस्ना. खरं सांग, माझ्या बाबतीत बी."